तुम्ही विचारलंत म्हणून: तो फॉन खरा होता का?

'पॅन्स लॅबिरिंथ' हा चित्रपट मी रसास्वाद शिबिरांमध्ये वर्षानुवर्षं दाखवत आले आहे. दिवे लागले की पहिला प्रश्न ठरलेला. कॉलेजातली मुलं विचारतात, निवृत्त शिक्षक विचारतात, प्रोजेक्टरची वायर गुंडाळता गुंडाळता एका दादांनीही विचारलं होतं, "मॅडम, तो शिंगंवाला खरंच होता, की सगळं त्या पोरीच्या डोक्यातलं?" तेव्हा हॉल रिकामा करून द्यायची घाई असते आणि उत्तर अर्धवट राहतं. म्हणून आज सविस्तर लिहिते.

माझं उत्तर: खरा होता. पण हे उत्तर नीट कळायचं तर आधी १९४४ सालच्या स्पेनमध्ये जावं लागेल. तो फॉन, म्हणजे अर्धा माणूस, अर्धा बकरा असा वनदेव, राहतो ते जंगल तिथलं आहे.

ज्यांनी चित्रपट पाहिला नाही त्यांच्यासाठी कथा थोडक्यात सांगते. शेवटही सांगणार आहे, तेव्हा बघायचा असेल तर इथेच थांबा. ओफेलिया नावाची लहान मुलगी गरोदर आईबरोबर डोंगरातल्या एका जुन्या गिरणीत राहायला येते. आईने, कार्मेनने, दुसरं लग्न केलंय. नवरा कॅप्टन विदाल, स्पेनचा हुकूमशहा फ्रँको याच्या राजवटीचा अधिकारी. गिरणीचं त्याने ठाणं केलंय आणि आसपासच्या जंगलात लपलेल्या बंडखोरांचा बीमोड करायचं काम त्याच्याकडे आहे. गिरणीच्या बाजूला दगडी भिंतींचा एक पुरातन चक्रव्यूह आहे. तिथे ओफेलियाला फॉन भेटतो: वळलेली शिंगं, बकऱ्याचे पाय, झाडाच्या सालीसारखं अंग. तो तिला सांगतो की तू पाताळातली हरवलेली राजकन्या आहेस, पौर्णिमेच्या आत तीन कामं पार पाड, मग तुला घरी जाता येईल. इकडे ती कामं चालू, तिकडे गिरणीत छळ, रेशनच्या रांगा आणि गोळीबार. बाळंतपणात आई जाते. तिसऱ्या कामासाठी फॉन नवजात भावाच्या रक्ताचे थेंब मागतो, ओफेलिया नाही म्हणते, आणि मागून आलेला विदाल तिला गोळी घालतो.

मेक्सिकोचा दिग्दर्शक गिएर्मो देल तोरो याने हा चित्रपट २००६ साली केला. छायाचित्रण, कलादिग्दर्शन आणि रंगभूषा यांसाठी त्याला तीन ऑस्कर मिळाली. तो गाजला, आणि जगभर बहुतेक ठिकाणी 'युद्धाच्या क्रौर्यातून सुटायला एका मुलीने शोधलेलं कल्पनेचं जग' असाच त्याचा अर्थ लावला गेला. तुमचा प्रश्न त्यातूनच येतो. कल्पना म्हणजे पळवाट, असं एकदा धरलं की उरतं एवढंच: ती पळाली की तिला खरोखर दार सापडलं? मला हा अर्थच पटत नाही, आणि त्याचं कारण इतिहासात आहे.

स्पेनचं यादवी युद्ध १९३६ च्या जुलैमध्ये लष्करी बंडाने पेटलं आणि १ एप्रिल १९३९ रोजी जनरल फ्रँकोच्या विजयाने संपलं. निवडून आलेलं प्रजासत्ताक सरकार हरलं, लाखो माणसं पिरेनीजचे डोंगर ओलांडून फ्रान्समध्ये गेली, आणि मागे राहिलेल्यांपैकी काही जंगलात शिरून लढत राहिले. चित्रपटातले बंडखोर ते हेच. एका प्रसंगात ते जुनाट वर्तमानपत्र हातोहात फिरवतात: दोस्त राष्ट्रांचं सैन्य फ्रान्सच्या किनाऱ्यावर, नॉर्मंडीत उतरलंय! त्यांचे चेहरे उजळतात. आज हिटलर पडणार, उद्या फ्रँको. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये फ्रान्समधून काही हजार बंडखोर सीमेलगत स्पेनच्या आरान खोऱ्यात घुसले आणि थोड्याच दिवसांत त्यांना परतावं लागलं. दोस्तांचं सैन्य स्पेनमध्ये आलंच नाही. फ्रँको सत्तेवर राहिला तो थेट २० नोव्हेंबर १९७५ रोजी आजारपणात मरेपर्यंत. चित्रपट यातलं काहीही सांगत नाही, पण स्पेनमधल्या प्रेक्षकाला ते ठाऊक असतं. आपल्याला नसतं, म्हणून मी शिबिरात ते आधी सांगते. ती वर्तमानपत्राची दृश्यं मग वेगळीच दिसायला लागतात.

सुरुवातीच्या निवेदनावर एका पडक्या गावाची दृश्यं येतात. ते सेट नाहीत. ते बेल्चिते, आरागॉन प्रांतातलं खरं गाव. १९३७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमधल्या लढाईत ते उद्ध्वस्त झालं. फ्रँकोने ते पुन्हा बांधू दिलं नाही; शत्रूच्या क्रौर्याचं स्मारक म्हणून अवशेष तसेच ठेवायला लावले आणि शेजारी नवं गाव वसवलं, तेही कैद्यांना राबवून. म्हणजे निवेदक पाताळातल्या राजकन्येची गोष्ट सांगत असताना पडद्यावर जे अवशेष दिसतात, तेसुद्धा कुणीतरी सांगितलेल्या एका गोष्टीसाठीच राखून ठेवलेले आहेत. माझं सगळं म्हणणं इथे सुरू होतं. या चित्रपटात गोष्टी रचणारी एकटी ओफेलिया नाही. विदालही रचतो, आणि त्याच्या मागची राजवट तर त्याहून मोठी गोष्ट रचते.

त्याआधी एक तुलना करते, कारण तिच्यामुळे मला हा चित्रपट उलगडला. १९७३ साली, फ्रँको जिवंत असताना, व्हिक्टर एरिसे या दिग्दर्शकाने 'द स्पिरिट ऑफ द बीहाइव्ह' केला. १९४० च्या सुमाराचं कास्तीयमधलं खेडं, गावात आलेला फ्रँकेन्स्टाइनचा सिनेमा, तो बघून भारावलेली ॲना नावाची चिमुरडी. तिला एका ओसाड कोठारात जखमी, पळून आलेला माणूस सापडतो. ती त्याला खाऊ नेऊन देते, वडिलांचा कोट नेऊन देते. रात्री लांबून अंधारात गोळ्या झाडल्याचं दिसतं आणि माणूस संपतो. तो कोण, कुठल्या बाजूचा, कशासाठी पळत होता, हे चित्रपट उच्चारत नाही. उच्चारणं शक्यच नव्हतं, सेन्सॉर बसलेला होता. तिथे राक्षस, मधमाश्या, रिकामी घरं यांतूनच बोलणं भाग होतं.

देल तोरोला २००६ साली अशी कुठलीच सक्ती नव्हती. उलट स्पेनच्या संसदेने ते वर्ष ऐतिहासिक स्मृतीचं वर्ष म्हणून जाहीर केलं होतं, फ्रँकोच्या माणसांनी मारलेल्यांच्या रस्त्याकडेच्या सामूहिक कबरी काही वर्षांपासून उकरल्या जात होत्या आणि पुढच्याच वर्षी स्मृतीचा कायदा झाला. त्याला सगळं सरळ दाखवता येत होतं, आणि त्याने ते दाखवलंसुद्धा. सशांची शिकार करायला निघालेल्या बापलेकांना पकडून आणलं जातं तो प्रसंग आठवा. मुलगा काकुळतीने सांगतोय की बाबा ससेच मारायला गेले होते. विदाल बाटली उचलतो आणि बुडाने त्या पोराचं तोंड ठेचतो. कॅमेरा हलत नाही, संगीत नाही. मग बापाला गोळी, मग मुलाला. त्यानंतर तो त्यांची पिशवी नीट तपासतो आणि आतून ससे निघतात. तो आपल्या माणसांना सांगतो की मला त्रास द्यायला येण्याआधी झडती धड घेत जा. मुलांना दाखवावा का, असंही पुष्कळ पालक विचारतात. या प्रसंगामुळे माझं उत्तर नाही असं आहे. लहान मुलांना मुळीच दाखवू नये.

तर ज्या दिग्दर्शकाला काहीच झाकायचं नाही, त्याला फॉन कशाला हवा? दोन तासांत युद्धाचं वास्तव थेट सांगता आलं असतं. मला वाटतं, त्याला हुकूमशाहीचं तेच अंग दाखवायचं होतं जे नुसत्या वास्तवचित्रणात निसटतं. हुकूमशाही गोळ्यांवर चालते तितकीच गोष्टींवर चालते, आणि तिच्या गोष्टीशी सामना करायला समोर दुसरी गोष्टच उभी करावी लागते.

विदालची गोष्ट बघा. ती एका घड्याळात मावते. त्याचे वडील जनरल होते, मोरोक्कोत मारले गेले. (हा तपशील सहज आलेला नाही. फ्रँको आणि त्याचे कितीतरी साथीदार मोरोक्कोच्या वसाहती युद्धातच घडले होते.) जेवणाच्या टेबलावर एक पाहुणा ऐकीव हकिकत सांगतो: मरताना जनरलनी आपलं घड्याळ दगडावर आपटलं, म्हणजे मुलाला आपल्या मृत्यूची नेमकी वेळ कळेल आणि शूर माणूस कसा मरतो तेही कळेल. विदाल थंडपणे म्हणतो, काहीतरीच, त्यांच्याकडे घड्याळ नव्हतंच. आणि आपण तर त्याला आधी त्याच तडा गेलेल्या काचेच्या घड्याळावर, भिंग लावून, मायेने काम करताना पाहिलेलं असतं. त्याची खोली गिरणीच्या प्रचंड दातेरी चाकांसमोर आहे. आपण एखाद्या अजस्र घड्याळाच्या पोटात शिरलोय असं वाटावं अशीच ती बांधलेली आहे. ओफेलिया आणि कार्मेन गाडीतून उतरायच्या आधी त्याच्या तोंडचे पहिले शब्द असतात ते पंधरा मिनिटं उशीर झाल्याचे. ओफेलिया घाबरून डावा हात पुढे करते, तर तो तो हात आवळून सांगतो की हस्तांदोलन दुसऱ्या हाताने करायचं असतं.

हा माणूस वास्तववादी नाही. तो त्या चित्रपटातला सर्वांत मोठा कल्पनाविलासी आहे. बापाचं घड्याळ, रक्ताचं नाव, होणारा मुलगाच असणार ही खात्री, स्वतःचा वीरमरणाचा क्षण, सगळं आधीच लिहून ठेवलंय त्याने. डॉक्टर विचारतात, मुलगाच होईल असं तुम्हाला का वाटतं, तर तो या विषयावर बोलूच देत नाही. आई की बाळ अशी वेळ आली तर बाळ वाचवा, ते माझं आणि माझ्या वडिलांचं नाव लावणार आहे, असं तो डॉक्टरांना बजावतो. कार्मेन त्याच्या गोष्टीत आहे ती फक्त गर्भाशय म्हणून.

आणि ही एका माणसाची विकृती नाही. गिरणीच्या अंगणात रेशनची पाकिटं वाटताना एक अधिकारी ओरडून सांगत असतो की लाल माणसं, म्हणजे डावे, खोटं बोलतात, आपल्या एकसंध, महान, स्वतंत्र स्पेनमध्ये चूल न पेटलेलं एकही घर नाही, भाकरीवाचून कुणी नाही. हे पटकथेसाठी बनवलेलं नाही. राजवटीची खरीखुरी घोषणाच ती. त्या काळाला स्पेनमध्ये उपासमारीची वर्षं म्हणतात. मे १९३९ मध्ये रेशन कार्डं सुरू झाली ती १९५२ पर्यंत चालली, काळाबाजार माजला, आणि भुकेने व भुकेपाठोपाठच्या आजारांनी गेलेल्यांचा इतिहासकारांचा अंदाज दोन लाखांच्या घरात जातो. चित्रपटात विदालच्या मेजवानीत गावचे प्रतिष्ठित जमलेत, भरलेली ताटं आहेत, आणि ठरतंय काय, तर दर कुटुंबाला एकच कार्ड द्यायचं, म्हणजे जंगलातल्यांना पाठवायला काही उरणार नाही. पाद्रीबुवा म्हणतात, जपून वापरलं तर पुरेल. बंडखोरांबद्दल त्यांचं मत असं की त्यांचे आत्मे देवाने कधीच वाचवलेत, देहांचं काय व्हायचं ते होवो.

आता दुसऱ्या कामाचं दृश्य आठवा. खडूने भिंतीवर दार काढून ओफेलिया आत जाते. लांबलचक टेबल, त्यावर द्राक्षं, केक, मांस, जेली, पाठीमागे धगधगती शेकोटी आणि टेबलाच्या टोकाला यजमानाच्या जागी बसलेला तो पांढराफटक राक्षस. कातडी लोंबतेय, डोळ्यांच्या जागी काही नाही, बुबुळं समोर ताटलीत. कोपऱ्यात मुलांच्या बुटांचा ढीग. छतावर चित्रं रंगवलेली: तोच, पोरं खाताना. स्पॅनिश चित्रकार गोयाचा आपल्याच मुलाला खाणारा 'सॅटर्न' हा देव ज्यांनी पाहिलाय त्यांना ओळख पटेल; ते चित्र माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात आहे. बुटांच्या ढिगावरून छळछावण्या आठवल्याशिवाय राहत नाहीत, आणि स्पेनच्या बाबतीत तो संदर्भ लांबचाही नाही: फ्रान्समध्ये गेलेल्यांपैकी सात हजारांहून अधिक स्पॅनिश लोक नाझींनी ऑस्ट्रियातल्या माउटहाउझेनच्या छावणीत टाकले होते. पण मला सगळ्यात जास्त बोलतं ते टेबल. विदालच्या मेजवानीतली त्याची खुर्ची, पाठीमागची शेकोटी आणि राक्षसाची जागा, चौकट तीच आहे. अन्न भरपूर आहे आणि खायची मनाई आहे. त्या राजवटीतल्या गिरणीच्या कोठाराचं याहून अचूक वर्णन मला ठाऊक नाही.

(एक छोटी गंमत सांगते. फॉन आणि हा राक्षस, दोन्ही भूमिका डग जोन्स या एकाच अमेरिकी नटाच्या. त्याला स्पॅनिश येत नव्हतं, तरी त्याने फॉनचे सगळे संवाद पाठ करून ओठ जुळवले. आवाज नंतर दुसऱ्याचा घातला. राक्षसाच्या मुखवट्यातून त्याला नाकपुड्यांच्या भोकांतून बघावं लागत होतं. तो हात चाचपत, लडखडत येतो ते पाहिलंत ना?)

कोठारावरून किल्ली आठवली. शिबिरात मी लोकांना एकच गृहपाठ देते: पुन्हा बघाल तेव्हा किल्ली आणि सुरी कुणाच्या हातात आहे ते बघत जा. पहिल्या कामात ओफेलिया अंजिराच्या मरणपंथाला लागलेल्या झाडाच्या बुंध्यात, चिखलातून सरपटत शिरते. मुळाशी एक गलेलठ्ठ बेडूक बसलाय, झाडाचा सगळा रस शोषून. त्याच्या पोटातून ती किल्ली काढते. त्याच दिवसांत विदाल कोठाराची किल्ली घरकाम बघणाऱ्या मर्सेदेसकडून स्वतःच्या ताब्यात घेतो. मर्सेदेसचा भाऊ जंगलात लढतोय, तिच्याकडे दुसरी किल्ली आहे, आणि पुढे कोठार लुटलं जातं तेव्हा कुलूप फोडलेलं नसतं. तिथेच विदालला तिचा संशय येतो. दुसऱ्या कामात ओफेलिया त्या किल्लीने कप्पा उघडून खंजीर मिळवते. मर्सेदेस भाजी चिरायची छोटी सुरी रोज काम झालं की एप्रनच्या घडीत खोचते. शेवटी तिला बांधून छळायची तयारी चालू असताना तीच सुरी तिच्या उपयोगी पडते. आपण तुम्हाला कधी दिसलोच नाही, म्हणून हे सगळं करू शकलो, असं ती विदालला आधी सांगते आणि मग त्याचा गाल फाडते.

म्हणजे ओफेलियाची गोष्ट युद्धापासून लांब पळणारी नाही. त्याच घरातल्या एका बाईच्या, त्याच दिवसांतल्या, त्याच वस्तूंनी चाललेल्या लढाईला ती समांतर चालते. सुरुवातीला दोन जगांचे रंगही वेगळे आहेत, युद्धाचं निळसर-हिरवं आणि गार, फॉनचं सोनेरी आणि लाल. पुढे हे रंग एकमेकांत झिरपायला लागतात.

आता आज्ञापालनाकडे येते. माझ्या मते चित्रपटाचा गाभा तो आहे.

आपण लहानपणी श्रावणातल्या कहाण्या ऐकलेल्या असतात. उतू नये, मातू नये, घेतला वसा टाकू नये. वसा मोडला की वैभव गेलं, पाळला की परत आलं. परीकथांचंही तसंच असतं. देल तोरो आपल्याला आधी याच नियमाने खेळवतो. राक्षसाच्या टेबलावरचं काही खाऊ नकोस असं बजावलेलं असताना ओफेलिया दोन द्राक्षं खाते, राक्षस जागा होतो, वाट दाखवणाऱ्या तीनपैकी दोन पऱ्या त्याच्या दाताखाली जातात. फॉन संतापतो. पुढच्या वेळी मात्र तो माफ करतो, एका अटीवर: आता प्रश्न न विचारता माझं ऐकायचं. ती कबूल होते. आणि मग तो बाळाचं रक्त मागतो.

इथे फॉनचा स्वर नीट ऐका. प्रश्न न विचारता ऐक! हा विदालचाच स्वर आहे. फॉन गोंडस, भला, मुलांचा सखा असा कधीच नव्हता. तो पहिल्यापासून जरा भीतिदायक आहे, आणि ज्या क्षणी तो आज्ञा करतो त्या क्षणी अद्भुत जगातही एक कॅप्टन उभा राहतो. ओफेलिया नाही म्हणते. राजकन्या व्हायचं राहिलं तरी चालेल, भाऊ देणार नाही. कहाणीचा नियम इथे फिरतो. वसा मोडला, म्हणूनच ती पार पडली.

हाच नकार चित्रपटात आधी एका मोठ्या माणसाने, खऱ्या जगात, जीव देऊन उच्चारलेला असतो. डॉक्टर फेरेइरो विदालच्या ठाण्याचे डॉक्टर आणि चोरून बंडखोरांचेही. एक तोतरा बंडखोर जिवंत पकडला जातो. विदाल त्याला हत्यारं दाखवतो आणि म्हणतो, न अडखळता तीनपर्यंत मोज, सोडून देतो. एक. दोन. तिसऱ्यावर त्याची जीभ अडते. छळानंतर डॉक्टरांना बोलावतात, म्हणजे तो अजून बोलता राहावा. तो मरण मागतो, डॉक्टर इंजेक्शन देतात. विदाल जाब विचारतो, माझी आज्ञा का मोडली? फेरेइरो सांगतात की कसलाही प्रश्न न करता आज्ञेसाठी आज्ञा पाळणं तुमच्यासारख्यांनाच जमतं, कॅप्टन. बॅग उचलून ते पावसात चालू लागतात. पाठीत गोळी बसल्यावर चार पावलं आणखी चालतात, चष्मा काढतात आणि पडतात.

हा डॉक्टर पाहिला की मला नेहमी डॉ. मदनमोहन अटल आठवतात. ते स्पेनच्या युद्धात प्रजासत्ताकाच्या बाजूने वैद्यकीय सेवेला गेले होते आणि १९३८ साली चीनला गेलेल्या भारतीय वैद्यकीय पथकाचे प्रमुख तेच. त्या पथकात आपले सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आणि नागपूरचे डॉ. चोळकर होते. स्पेनचं आपल्याला काय, असं कुणी म्हणालं तर मी एवढंच सांगते.

तर फॉन खरा का? पुरावे चित्रपटातच ठेवलेत. फॉनने दिलेली, आईच्या पलंगाखाली दुधात ठेवलेली मॅन्ड्रेक नावाच्या वनस्पतीची मुळी आईला बरं करते. ताप कसा उतरला हे डॉक्टरांना कळत नाही. तीच मुळी आई आगीत फेकते, मुळी किंचाळते आणि आईला कळा सुरू होतात. खोलीत कोंडलेली, दाराशी पहारा असलेली ओफेलिया विदालच्या खोलीत पोचते ती खडूने काढलेल्या दारातून. तो खडू नंतर विदालला टेबलावर सापडतो. चक्रव्यूहाच्या भिंती तिच्यासाठी उघडतात. उलट बाजूने पुरावा एकच आहे: शेवटी विदाल बघतो तेव्हा ती हवेशी बोलताना दिसते. पण या साक्षीदाराची अवस्था काय? ओफेलियाने त्याच्या पेयात आईचं झोपेचं औषध घातलंय, गाल फाटलाय, तो स्वतःच टाके घालून तसाच धावत आलाय. शिवाय ज्याला स्वयंपाकघरात रोज समोर वावरणारी मर्सेदेस कधी दिसली नाही, त्याला फॉन दिसला नाही यावरून फॉन नव्हता असं मी मानायला तयार नाही. देल तोरोनेही मुलाखतींतून स्वतःचं मत सांगितलंय की त्याच्या दृष्टीने ते जग खरं आहे. दिग्दर्शकाचं मत शेवटचं मानावं असं नाही, पण इथे त्याने पडद्यावर मांडलेला हिशेब त्याच्या मताशी जुळतो.

एक गोष्ट मला कुणी अजून विचारलेली नाही, आणि माझ्या मनात तीच घोळत राहते. विदाल बाळाला घेऊन चक्रव्यूहाबाहेर येतो. समोर मर्सेदेस, तिचा भाऊ, बंडखोर. संपलंय हे त्याला कळतं. तो बाळ तिच्या हातात देतो, घड्याळ काढतो आणि बापाच्या गोष्टीतलं आपलं पान म्हणायला लागतो: माझ्या मुलाला सांगा, त्याचा बाप किती वाजता मेला. मर्सेदेस त्याला मध्येच तोडते. नाही, त्याला तुझं नावसुद्धा कळणार नाही. मग गोळी.

प्रेक्षक इथे सुटकेचा श्वास सोडतात. पण त्या वर्षांत स्पेनमध्ये मुलांची नावं पुसण्याचं काम कोण करत होतं? अंतोनियो वायेखो-नाखेरा हा लष्करी मानसोपचारतज्ज्ञ. १९३८ मध्ये फ्रँकोच्या परवानगीने त्याने युद्धकैद्यांवर आणि मालागाच्या तुरुंगातल्या स्त्रियांवर 'संशोधन' केलं, मार्क्सवादी असणं हा मानसिक ऱ्हास आहे असं ठरवलं आणि अशा आईबापांपासून मुलं तोडावीत असं सुचवलं. १९४० च्या आदेशाने कैदी आयांजवळ मुलं तीन वर्षांची होईपर्यंतच राहू शकत. पुढे ती सरकारी आणि धार्मिक संस्थांत जात. ४ डिसेंबर १९४१ च्या कायद्याने ज्यांचे पालक सापडत नाहीत अशा मुलांची नव्या नावांनी नोंद करायची मुभा मिळाली, आणि पालक सापडत नव्हते ते याच राजवटीने त्यांना मारलं, डांबलं किंवा देशाबाहेर हाकललं म्हणून. न्यायाधीश बाल्तासार गार्थोन यांच्या २००८ च्या आदेशात अशा मुलांचा आकडा तीस हजारांच्या वर दिला आहे. स्वतःचं मूळ नाव शोधणारी म्हातारी माणसं स्पेनमध्ये अजून आहेत.

मर्सेदेसच्या तोंडी दिलेलं वाक्य हेच, फक्त उलटं फिरवलेलं. पराभूतांच्या मुलांबाबतीत राजवट जे करत होती, ते एक मोलकरीण कॅप्टनच्या मुलाबाबतीत करायचं ठरवते. मला त्या क्षणी आनंद होतो, आणि लगेच त्या मुलाची काळजीही वाटते. त्याच्या वाट्याला एक बाप गेला हे बरंच झालं. पण आई आणि बहीणही गेल्या, आणि त्यांची नावं तरी त्याला कुणी सांगेल का? मर्सेदेस सांगेल, असं मी धरून चालते. ओफेलियाला अंगाई तिनेच गुणगुणली होती, शब्द नसलेली, कारण शब्द ती विसरली होती.

१९४४ साली जन्मलेला तो मुलगा फ्रँको मेला तेव्हा एकतीस वर्षांचा झाला असता आणि हा चित्रपट आला तेव्हा बासष्टचा. गोळी झाडणाऱ्या त्या बंडखोरांपैकी फार थोडे वाचले असतील. आरानच्या पराभवानंतर जंगलातली लढाई खचत गेली आणि पन्नाशीच्या दशकाच्या सुरुवातीला जवळपास थांबली. बाळ कुशीत घेऊन मर्सेदेस त्या डोंगरातून कुठे गेली असेल? फ्रान्सच्या सीमेकडे? मेक्सिकोच्या बोटीवर? मेक्सिकोने स्पेनच्या वीसेक हजार निर्वासितांना घेतलं होतं. १९३७ मध्येच साडेचारशेहून अधिक मुलं मोरेलिया शहरात आणून ठेवली होती, आणि त्या निर्वासितांत मिसळून गेलेल्या देशातच देल तोरो जन्मला. पुढच्या शिबिरात फॉनबद्दल जरूर विचारा, उत्तर मी दिलेलंच आहे. पण वेळ उरला तर त्या बाळाबद्दल विचारा, तिथे मला तुमचं मत ऐकायचंय.